समोरची खुर्ची

माय, आज मला माझ्याच घरातून बाहेर काढलं आहे. शेजारच्या चाचीनं. "मास्तर, आप पहले यहाँ से हटो," म्हणाली, आणि मी चष्मा नि कागद घेऊन समोरच्या शाळेच्या ओसरीवर येऊन बसलो. इथंच मी आयुष्यभर पोरांना कविता शिकवल्या. आता सुट्टी आहे, चिमण्या आहेत आणि माझा संताप आहे. तो तुला नाही तर कुणाला सांगू?

चांदूर बाजाराकडच्या आपल्या गावांत अलीकडे घरचा माणूस जरा उशिरा आला की बायका दारात येऊन उभ्या राहतात. आपलीही संत्र्याची बाग वाळली. बहर आला की ज्यांच्या वासानं मला यमकं सुचायची, ती झाडं तुझ्या नातवानं स्वतःच्या हातानं तोडली आणि मुका झाला. तेव्हापासून सूनबाई त्याच्यावर पहारा देते. तो मागच्या दारी गेला की ही मागच्या दारी. आताशा तो जेवतो, कधी हसतोही; ही मात्र वाळत चालली. दूध उतू जातं आणि ती नुसती पाहत राहते. मन रमावं म्हणून मी तिला अंगणात बसून कविता म्हणून दाखवतो. "छान आहे मामाजी," म्हणते, नजर फाटकाकडे.

आज सकाळी अमरावतीहून जीप आली, मनाच्या आजारांचं शिबिर घेऊन. शाळेत टेबल, टेबलासमोर खुर्ची. मॅडम तरुण, भली, बोलणं पुण्याकडचं. सूनबाईला विचारते, "मालक नीट झोपतात का? एकटे बसतात का? तुम्ही लक्ष ठेवता ना?" सूनबाई पाठ केल्यासारखी उत्तरं देते. शेवटी मी उठलोच. "मॅडम, मालकांचं झालं. हिचं कोण विचारणार?" ती खरंच ओशाळली. घरी येते म्हणाली, निवांत बोलू. आली. मी घरातली चांगली खुर्ची पुसून दिली, सूनबाईला समोर बसवलं, आणि पाहुणीला एकटं कसं सोडायचं म्हणून स्वतः दारात बसलो. सासरा दारात! पदर आणखी पुढे आला.

"ताई, तुम्हाला कसं वाटतं?"

"बरं आहे जी."

"मन उदास होतं का?"

"नाही जी. सगळं बरं आहे."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. पुढच्या महिन्यात येते म्हणाली मॅडम, आणि मागे धूळ उरली.

त्या धुळीत मला तुझा ओटा दिसला, माय. दुपारची भांडी आटोपली आहेत, तू भिंतीला टेकून बसली आहेस, जवळ फणी आणि तेलाची वाटी. गल्लीतली कुणी येते, "डोकं पाहून दे वं," म्हणत तुझ्याकडे पाठ करून बसते. फणी चालू होते आणि ती बाई समोरच्या कोंबड्यांना सांगावं तसं सगळं सांगत जाते. तू फक्त "हं" म्हणतेस. मी नवी कविता पाठ करून धावत येतो, तर तू खेकसतेस, "अबे तिकडं जाय! इकडं येशीन तं कान घरी ठेवून ये." मी रुसतो. मागून विचारतो, कावून हाकललं मले? भाकरी थापता थापता तू म्हणतेस, "बाई समोरून पाह्यली का बरीच दिसते रे."

हे वाक्य ऐकलेलं असूनही मी समोर खुर्ची मांडली!

तडक चाचीकडे गेलो. ती बांगड्या विकते. साऱ्या गल्लीचे हात तिच्या ओळखीचे. म्हटलं, सूनबाईचं जरा डोकं पाहून द्या.

"आता आठवलं काय, मास्तर? मी भिंतीवरून पाहूनच राहिली, पोरगी वेणी घालत नाही. पन तुमी आंगनात कविता म्हनत बसता. कोन बोलन तुमच्यासमोर?"

इथून आपला ओटा दिसतो. चाचीचा हात वर-खाली होत होता. मग थांबला. सूनबाईचे खांदे हलू लागले तशी मी मान फिरवली.

आत्ताच चाची येऊन गेली. "रडली. बरं झालं. पन हे तेलानं जानारं नाही, मास्तर. अमरावतीले डॉक्टरकडं न्या लागन. मी जातो तिच्यासंग. बांगड्यांचा माल आनाले चाललो म्हनू."

"खोटं कावून सांगता?"

"तं काय सांगू? गाव येडी म्हनन तिले."

संत्र्याला कीड लागली तर अख्खं गाव बांधावर जमतं, आणि बाईचं दुखणं बांगड्यांच्या पेटीआड लपवून डॉक्टरकडे न्यायचं! पुढच्या महिन्यात जीप आली की मॅडमना ओट्यावरच बसवीन, आणि मी इथं येऊन बसेन. एवढंच माझ्या हाती आहे.

हा कागद आता घडी करून खिशात ठेवतो. पण एक गोष्ट मघापासून आठवतो आहे, आणि आठवत नाही. गल्लीतल्या साऱ्यांचे केस मी सांगू शकतो, कुणाचे कुरळे, कुणाचे गुडघ्याला टेकणारे. तुझे कसे होते, माय? तू कुणाकडे पाठ करून बसलेली मला एकदाही दिसत नाहीस.