स्लोवर न टिकणारी गाडी

२ डिसेंबर, मंगळवार

दोरी ओढून ओढून खांदा उतरला, तेव्हा कुठं चालू झाली. आणि रेस सोडली की बंद, स्लोवर टिकतच नाही!

लाल क्वाड बाइक आहे. चार चाकं, टू-स्ट्रोक इंजिन. फुलंब्री रोडला तनुजाताईंचं शेत आहे, हिवाळ्यात तिथं हुरडा पार्ट्या चालतात. त्यांनी बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टमधून ही जुनी उचलली. चौदा तारखेला शाळेची सहल येणार, पोरांना हिच्यावरून चक्कर मारायची. इतर गॅरेजवाल्यांनी हात टेकले. त्यातलाच एक म्हणाला म्हणे — हर्सूलला कडुबा मिस्त्रीकडं जा, त्याला टू-स्ट्रोक कानानं कळते.

ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? असं म्हणणारे आता राहिलेत किती.

मेघा गाडीजवळ उकिडवी बसली होती. म्हणाली, "पप्पा, कार्बोरेटरच्या रबरापाशी सूं सूं येतंय. एअर घेतीय का बघा." कान लावला. इंजिनची डुगडुग छान ऐकू आली, सूं वगैरे काही नाही. म्हणालो, "नाय घेत. आन् ही गाडी माझी हाय, तू पाना लावायचा नाय हिला." तनुजाताईंसमोर जरा जोरातच बोललो. पोरगी चार वर्षं गॅरेजात आहे, म्हणून काय बापाला शिकवणार?

४ डिसेंबर, गुरुवार

टाकीतलं सगळं पेट्रोल काढून टाकलं. त्यात तेल किती ओतलं होतं कुणास ठाऊक, प्लग डांबरासारखा काळा. नवं पेट्रोल, मापात तेल, नवा प्लग. कार्बोरेटर खोलला. पेट्रोल सोडणारा बारीक स्लो जेट कचऱ्यानं गच्च भरला होता. त्यात तार घालून भोक मोठं करणारे मिस्त्री वेगळे — मी फक्त हवा मारतो. मेघानं बॅटरीचा उजेड धरला आणि सुटे भाग पेट्रोलमध्ये धुतले, बाकी सगळं माझ्या हातचं.

मग डोळे मिटून स्लो लावला. स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर. ठोका एकसारखा आला की हात आपोआप थांबतो. मेघा काहीतरी बोलायला आली आणि परत पाने पुसायला लागली. दुपारी गाडी टेम्पोत घालून रवाना.

संध्याकाळी मेघाची आई चिडली. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, डाळ करपली, आणि मी शेजारी बसून पेपर वाचतोय! विचारात होतो म्हणालो.

५ डिसेंबर

परत आली. जशीच्या तशी.

६ डिसेंबर, शनिवार

गॅरेज बंद. सगळे भडकल गेटला जाऊन आलो. मेघा गर्दीत मागून हाका मारत होती म्हणे, मी वळलोच नाही. तिथं कुणाला काय ऐकू येणार? बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढं हात जोडून उभा होतो तेव्हाही डोक्यात ती लाल गाडी. आजच्या दिवशी तरी नको होतं. स्वतःची लाज वाटली.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी शहागंजला गेलो. इंजिनात हवा-पेट्रोल घेणाऱ्या रीडच्या पट्ट्या पाहिजे होत्या. शफीकभाईनं वरच्या फळीवरचा डबा काढला. म्हणाला, "टू-स्ट्रोक का माल अब कौन रखता, मिस्त्री? तुमारे कान के वास्ते संभाल के रख्या मैं." दुकानातली दोन पोरं माझ्याकडं बघायला लागली. मान ताठ करून बाहेर पडलो.

पट्ट्या बसवल्या. कार्बोरेटर आणि इंजिनमधलं रबर काढलं, पुसलं, परत लावलं. इंजिन लगेच चालू झालं. स्लो लावला. तेवढ्यात तनुजाताई आल्या. मी म्हणालो, बसा, बघा कशी चालते. त्यांनी रेस सोडली. इंजिन आधी वर चढलं, मग गचके खात खाली आलं — बंद. परत दोरी. परत बंद. शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम ठेवून बघत होता.

ताई काही वाकडं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काका, तुमच्या हातची गाडी अन् तिसऱ्यांदा असं कसं?"

आणि मी म्हणालो — "पोरीनं फिटिंग केलं होतं. तिच्या हातनं काहीतरी राहिलं."

मेघा दोन हात अंतरावर उभी होती. तिनं त्या गाडीला पाना लावलेला नाही. लावूच दिला नाही मी.

ताई म्हणाल्या, "मग तिला हात लावू देऊ नका ना काका. माझं नाव जातंय तिकडं." मी म्हणालो, "नाय लावू देत."

लिहिताना कानशिलं तापलीत. तोंडातून कसं निघालं ते कळत नाही. निघालं आणि बरं वाटलं, क्षणभर का होईना. त्याचीच जास्त लाज वाटतेय.

९ डिसेंबर

मेघा पाने देते. मागितला तो देते. मग पाठ फिरवून दुसऱ्या गाडीकडं जाते.

११ डिसेंबर, गुरुवार

आज काय झालंय कळत नाही. मागच्या दोन दिवसांत दिलेल्या गाड्या परत येतायत. देशमुख सरांची जुनी स्कूटर सिग्नलला बंद पडते. दूधवाल्याची मोपेड रेस सोडली की मरते. एक मोटरसायकल उलटी — स्लो एवढा चढलेला की म्हशी बुजल्या म्हणे! सगळ्या मीच लावलेल्या, डोळे मिटून, नेहमीसारख्या.

नजरबिजर आपण मानत नाही. पण इतकी वर्षं कधी गाडी परत आली नाही, आणि आता रांग लागली.

मेघाला म्हणालो, जरा बघ गं. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणले ना, हात लावू देत नाय." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मलाही ओरडता आलं असतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सापडलं. आणि सापडायला नको होतं असं वाटतंय.

दुपारी तनुजाताई आल्या. सहल परवावर आलेली. मेघा जेवायला घरी गेली होती. मी क्वाड चालू केली. ताई गाडीपासून चांगल्या लांब उभ्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "काका, हे शीळ घातल्यासारखं काय वाजतंय?"

मी म्हणालो, कुठं?

"हे काय, तिथं इंजिनपाशी. केवढ्यानं वाजतंय."

रबराशेजारी कान नेला. डुगडुग. फक्त डुगडुग. उजवा नेला, डावा नेला. ताई माझ्याकडं बघत होत्या. मी हसलो आणि म्हणालो, हां हां, बघतो. त्या गेल्या.

मग जे आयुष्यात कधी करावं लागलं नाही ते केलं. बादलीत साबण कालवला, ब्रशानं रबराला फेस लावला. नवशिके लावतात तसा. खालच्या अंगाला फेस आत ओढला गेला आणि इंजिनचा ठोका बदलला. रबर काढून दाबलं तर चीर उघडली, नख जाईल एवढी. हेच रबर सोमवारी माझ्या हातात होतं. दाबून पाहिलं नाही. कशाला पाहू? कानानं पास केलेलं!

मेघा पहिल्याच दिवशी म्हणाली होती. तिला ऐकू आलं. ताईंना लांबून ऐकू आलं. मला कान टेकवूनही आलं नाही.

कुकरची शिट्टी. मागून मारलेल्या हाका. सगळं एका ओळीत उभं राहिलं.

शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. रडू आलं. कान गेल्याचं नाही. माझा कान गेला आणि नाव मी पोरीचं घालवलं, म्हणून.

१३ डिसेंबर, शनिवार

नवं रबर टाकलं. स्लो मात्र हातानं लावला — टाकीवर तळवा ठेवून, थरथर बघत. टिकली. सकाळीच गाडी पाठवली.

संध्याकाळी ताईंचा फोन. "काका, एका दोरीत चालू होतीय! शेवटी अनुभव तो अनुभव. आता पोरीला जरा नीट शिकवा."

मी म्हणालो, "व्हय, शिकवतो."

काल रडलो आणि आज पुन्हा तेच. माझ्यासारखा नालायक बाप मीच.

१४ डिसेंबर, रविवार

शटर उघडायच्या आधी मेघाला सांगून टाकलं. कान गेलाय माझा. तू म्हणालीस तेच रबर होतं. आणि ताईंना मी खोटं सांगितलं.

तिनं कुलूप काढता काढता म्हटलं, "कानाचं मला मागच्या उन्हाळ्यापासून माहितीय, पप्पा. तुम्ही चहाला गेले की सगळ्या गाड्यांचा स्लो मी परत लावायची. क्वाडला तेवढा लावला नाय. तुम्ही पाना लावू नको म्हणले होते. सोमवारनंतर बाकीच्या गाड्यांचाही सोडला."

तिच्यासमोर तनुजाताईंना फोन लावला. सगळं बोललो.

मग देशमुख सरांची स्कूटर तिच्यापुढं उभी केली. चहाची वेळ झाली. गेलो नाही.