दहाव्या दिवसाचं पाकीट

तीर्थरूप आईस,
डोंगरावरूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खाण्याची तर मुळीच काळजी करू नकोस. आपण वाळवलेला भात, मटार, गाजर अगदी छान फुलतात. पाकिटात उकळतं पाणी ओतायचं, लोकरी टोपीत गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवायचं, झालं जेवण. वाटेसाठी म्हणून तू प्रत्येकात घातलेली जास्तीची मूठही कळते हो! बाबांना सांग, पायांना फोड नाहीत.

एकच विचारायचं होतं. आपण दोघांनी ओट्यावर वजन करून नऊच पाकिटं भरली होती ना? तू प्रत्येकावर दिवस लिहिला होतास. नववं खाल्ल्यावर मी पिशवी उलटी करून झटकली, रिकामी होती. सकाळी तळाशी ‘दिवस दहावा’ लिहिलेलं पाकीट होतं. अक्षर तुझंच. मग अकरावा, बारावा. आज एकेचाळिसावा खाल्ला.

वाटेचंही तसंच. दिवसभर खाली उतरतो आणि संध्याकाळी पुन्हा डोंगरावरच्या याच निवाऱ्याच्या दाराशी येतो, जिथे बसून हे लिहितोय. पिशवीत शिधा आहे तोवर ही वाट संपायची नाही, असं आता वाटायला लागलंय.

हल्ली पाकिटं जरा खारट लागतात. आई, भरताना रडतेस का गं?

ताई म्हणत असेल, “आता पुरे कर, आई.” ऐक तिचं. वजनकाटा कपाटात ठेवून दे. एक दिवस मला उपाशी राहू दे, म्हणजे घरी येता येईल.

तुझा, पोटभर जेवलेला,
धाकटा