चार आठवडे आधीचं वादळ

वडगाव रासाई, दि. १२-१०-२००३

चि. चांगुणास दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. खुटबावला पाऊस किती झाला ते तारखेनिशी कळव. नुसतं बरा झाला लिहू नकोस.

म्हस्कूदाजींना सांग, दिवाळी झाली की लगेच मेंढरं कोकणात उतरवू नका. विषुववृत्तालगत ढगांचा पट्टा सरकत असतो. चाळीसेक दिवसांनी तो आपल्या समुद्रावर परत येतो, तेव्हा वादळं उठतात. माझी बावीस वर्षांची पावसा-वाऱ्याची वही सांगते : १० ते १५ नोव्हेंबरला अरबी समुद्रात वादळ होणार, कोकणाला धडकणार. वेधशाळा चार दिवस आधी सांगेल, मी चार आठवडे आधी सांगतोय. वीस तारखेपर्यंत थांबा.

लोभ आहेच, पावसाचा आकडा तेवढा राहू नये.

तुझा दादा, हौसराव

खुटबाव, दि. ४-१२-२००३

ती. दादांस चांगुणाचा शि. सा. नमस्कार.

मी सांगतीय, तुमची भाची तेजश्री लिहितीय. तुमचं ऐकून हे वीस तारखेपतूर थांबले. संगतीचे कळप कवाच घाट उतरले. जाताना ते धनगर म्हणाले, म्हस्कूचा मेव्हणा वेधशाळंत सायब हाय व्हय! वादळाचं वारंसुदिक आलं न्हाई. हे पेणला पोचले, तवा म्हात्र्यांच्या भातखाचरात दुसऱ्याची मेंढरं खतासाठी बसलेली. सासऱ्यांपासनं ती जागा आपली. खताच्या बदल्यात म्हात्रे भात द्यायचे, त्यावर आमचं वरीस निघायचं. म्हात्रे म्हणाले, लई वाट बघितली. ह्यांनी फोनवर मला बजावलं, दादांना कळवू नको, वाईट वाटंल. पर मला ऱ्हावलं न्हाई.

जास्त बोलले आसंल तर पोटात घाला.

चांगुणा

वडगाव रासाई, दि. ११-१२-२००३

चि. चांगुणास आशीर्वाद.

पत्र पाचदा वाचलं. आधी लिहिलं होतं की वादळ माझ्याच तारखांत झालं, फक्त आफ्रिकेकडं गेलं. ते पत्र फाडलं. इतक्या आधी वादळाचा संभव तेवढा सांगता येतो. ते कुठं जाईल, हे नाही. मला ठाऊक होतं. वहीत मी कोकणाला धडकायचा संभव दहात तीन असा लिहिलाय. तुला कळवताना तो आकडा गाळला. दहात तीन म्हटलं असतं तर दाजी थांबले नसते, आणि माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाच्या शब्दावर कळप थांबला, हे मला बघायचं होतं. आकड्यावरून जगाला दटावणारा मी, स्वतःचाच आकडा लपवला. दाजींनी शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. त्यांनी माझीच काळजी केली, हे सोसत नाही.

सोमवारच्या एस.टी.नं पेणला जातो. म्हात्र्यांना सांगेन, उशीर दाजींचा नव्हता, माझा होता. पुढल्या सालासाठी दाजींची जागा परत मागेन. देतील असं वाटत नाही. तरी जातो.

दाजींचा फोन आला की तेजश्रीनं हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं, दहात तीनसुद्धा. लोभ उणावला असेल, तर तो तेवढाच असू दे.

तुझा दादा