शेताचे ढेकर

१४ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे, वेळेवर जेवते, असं आईला सांगा. इथल्या भात संशोधन केंद्रातलं काम असं: भातात पत्र्याचा डबा पालथा घालायचा आणि आत साठलेली हवा सुईनं ओढून तपासायची. पाणी तुंबून राहिलं की चिखलात वायू तयार होतो, बुडबुड्यांतून वर येतो आणि हवेतला उष्मा वाढवतो. आपल्या खाचरांतूनही येत असणार. हे कळल्यापासून भाताचा घास घेताना हात थांबतो. मधेच पाणी सोडून दिलं आणि चिखलाला केसाएवढी भेग पडताच पुन्हा भरलं, तर वायू कमी होतो, पीक घटत नाही. आमच्या बाईंना दोनदा विचारून मगच लिहिते आहे. एका खाचरात करून पाहाल? नाही केलंत तरी राग नाही.

माया आहे तशीच राहू द्या.
धाकटी

२० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. आ.

चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाच. तुझं पत्र ऐकून आई म्हणाली, पोरीला एवढं शिकवलं ते शेताचे ढेकर मोजायला! आता मी खाचराकडून आलो की विचारते, आज किती दिले?

भाताचं पाणी तुटू देऊ नये, हे माझ्या बापानं मला कान धरून शिकवलं होतं. तरी खालच्या खाचराचा बांध फोडला. शेजारी उभा राहून हसत होता. वरचं भरलेलंच ठेवलं. पण पाटाला पाणी उशिरा आलं आणि भेगेत माझी बोटं जायला लागली. आई म्हणत होती, हे लिहू नका. आता भरलं आहे, हिरवं आहे. जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

बापाची आठवण ठेव.
बाबा

३० सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मामा गावाकडून इथे येऊन गेले. म्हणाले, आपल्या लोंब्या ताठ उभ्या आहेत. दाणा भरला असता तर त्या वाकल्या असत्या, एवढं मलाही कळतं. कोणत्या खाचरातल्या, हे विचारायचा धीर झाला नाही. बाबा, खालचंच गेलं का? माझ्या सांगण्यानं? घरचं वर्षाचं धान्य आहे ते. शेजारी काय म्हणतात तेही लिहा. काही लपवू नका.

रागावलात तरी पत्र पाठवा.
धाकटी

९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. आ.

लपवत नाही. खालची लोंबी चोळली, हातात नुसतं फोल आलं. मग वरची चोळली. तेच. शेजाऱ्याचंही तेच, तो आता हसत नाही. भात फुलोऱ्यात असताना जे ऊन तापलं, रात्रीही हवा निवली नाही, त्यानं दाणाच धरला नाही. तुझी चूक नाही.

खरं सांगू? एकटं खालचं गेलं असतं तर बरं झालं असतं. पोरगी चुकली म्हणून तुला चिडवलं असतं आणि पुढच्या वर्षी माझ्या बापासारखं पाणी भरलं असतं. आता कुणासारखं भरू? येत्या हंगामात दोन्ही खाचरांचं पाणी मधेच सोडावं म्हणतो, पाटाला पाणी वेळेवर आलं तर.

आई ढेकरांचं विचारत नाही. काल पेंढा बांधताना एवढंच म्हणाली, पोरीला लिहा, हात थांबवू नकोस, भात मिळतो आहे तोवर पोटभर खा.

तुझा,
बाबा