जांभळ्या चॅलेंजरचं अर्धं चकाकणारं काळं बॉनेट

मी, एल्डन रे प्रुइट, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा गाड्यांना रंग मारण्याचा (आता हात थरथरतो म्हणून बंद), राहणार बर्टन, जेनेसी काउंटी, मिशिगन, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि परवापासून बिअरचा थेंबही न घेता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात केले होते आणि त्यात माझ्या मुलीचे नावच नव्हते.

कलम १. राहते घर, त्यातील सामान व बँकेत जे काही असेल ते सर्व माझी एकुलती एक मुलगी डार्लीन हिला द्यावे. स्वयंपाकघराचा पिवळा रंग तिच्या आईने निवडलेला आहे. तो आवडला नाही तर खुशाल बदलावा, पण मी गेल्यावर.

कलम २. रंग फवारायच्या तिन्ही बंदुका, कॉम्प्रेसर आणि सँडिंगचे सामान माझा जुना भागीदार मर्ल हॅकवर्थ याला द्यावे. चौथी बंदूक त्याने १९९४ मध्ये 'उद्या आणून देतो' म्हणून नेली, ती त्याच्याकडेच आहे. मर्ल, लेका, तो उद्या अजून उजाडायचाय.

कलम ३. मात्र या मर्लला माझ्या गाडीच्या बॉनेटला हात लावू देऊ नये. दर ऑगस्टमध्ये, रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो तेव्हा, तो खिमा घातलेला कोनी हॉट डॉग खात खात माझ्या गाडीशी येतो आणि म्हणतो, "अरे, एवढी देखणी गाडी आणि तोंडाला हे काय फासून ठेवलंयस? दुपारभराचं काम आहे. घासू आणि नवा मॅट मारू!" मी त्याला दरवेळी 'तुझं हॉट डॉग बघ' एवढेच सांगत आलो. खरे कारण आजवर कोणालाच सांगितलेले नाही. ते इथे लिहितो.

कलम ४. गाडी, म्हणजे १९७० सालची जांभळी डॉज चॅलेंजर. मी ती गंजलेल्या अवस्थेत आणली आणि १९८८ च्या उन्हाळ्यात रंगवली. बॉनेटही जांभळेच आणि आरशासारखे करायचे माझ्या मनात होते. पण माझी बायको व्हर्ना हिला उन्हाची तिरीप सोसत नसे, डोके धरून बसायची. मी पत्र्याच्या तीन तुकड्यांवर तीन काळे रंग मारले: एक निम्मा चकाकणारा, एक किंचित साय धरल्यासारखा आणि एक अगदी विझलेला, म्हणजे मॅट. भर दुपारी गाडी उन्हाकडे तोंड करून उभी केली, तुकडे बॉनेटवर चिकटवले आणि व्हर्नाला स्टिअरिंगमागे बसवले.

पहिल्याला ती म्हणाली, "अगं बाई गं, काढ तो." दुसऱ्याला नाक मुरडले. तिसऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एल्डन, हा. याच्याकडे बघताना डोळे मिटावेसे वाटत नाहीत."

"याला जपावं लागतं हं," मी म्हणालो. "पॉलिशचं मेण लावायचं नाही, घासायचं नाही. घासलं की जागोजागी चकाकतं आणि मग सगळं बॉनेट पुन्हा रंगवावं लागतं."

"मला काय शिकवतोस? मीच सांगेन लोकांना."

आणि खरोखरच सांगायची. मेळ्यात कोणी कापड घेऊन पुढे आला की ही आडवी. "अहो, हात आवरा! मॅट आहे तो!" पंचवीस वर्षे त्या बॉनेटची राखण माझ्यापेक्षा तिनेच जास्त केली. वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, कारण मी नेमके हेच विसरलो.

मे २०१३. माझा वाढदिवस होता. डार्लीन आलेली होती. मी गॅरेजमध्ये गेलो तर व्हर्ना मेणाचा डबा उघडून बॉनेट घासत होती. गोल गोल, अगदी मन लावून. ड्रायव्हरच्या बाजूचे अर्धे बॉनेट चकाकत होते. मी भडकलो. शेजारच्या ओपल टिडवेल बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडलो, "रंगाऱ्याची बायको म्हणून एवढी वर्षं मिरवलीस आणि एवढी अक्कल नाही तुला? वाटोळं केलंस!"

ती म्हणाली, "मला वाटलं, धुळीनं मळलंय. तुझा वाढदिवस आहे ना." मग कापडाची चौघडी घातली, डब्यावर ठेवली आणि हात धुवायला गेली. त्यानंतर तिने गॅरेजमध्ये पाऊल ठेवले नाही. डार्लीन म्हणाली, "डॅडी, तिला मारलं असतंस तरी एवढं लागलं नसतं." मी डार्लीनला घराबाहेर काढले.

पुढच्या जानेवारीत व्हर्नाला तपासताना डॉक्टरांनी विचारले, "यांचं विसरणं तुमच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं?" मी 'नाताळात' म्हणून सांगितले. परत येताना गाडी चालवता चालवता मला ते बॉनेट आठवले. जिने सगळ्या जगाला बजावले, तीच मेण लावत होती, आणि मला त्यात नुसता बिघडलेला रंग दिसला. मी रस्त्याकडेला गाडी थांबवून रडलो. व्हर्ना शेजारी बसून माझी पाठ थोपटत होती आणि मी का रडतोय ते तिला कळत नव्हते.

शेवटची दोन वर्षे ती आजाऱ्यांच्या निवासात होती. मी रोज जात असे. कागदी रुमाल घेऊन ती टेबल घाशी. गोल गोल. एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, बघा ना, अर्धंच झालंय. माझा नवरा ओरडेल."

"नाही ओरडणार," मी म्हणालो.

"तुम्हाला काय ठाऊक? ओरडतो तो."

ती २०१९ मध्ये गेली. ते बॉनेट म्हणजे तिच्या विसरण्याची सुरुवात होती, हे मी डार्लीनलाही सांगितलेले नाही. तोंडच नव्हते.

कलम ५. सदर चॅलेंजर डार्लीनला द्यावी. तिने विकली तरी माझी हरकत नाही. पुढील मजकूर ही अट नाही, विनंती आहे. गॅरेजमधल्या वरच्या फळीवर तो मेणाचा डबा आहे आणि त्यावर ते कापड, चौघडी न मोडलेले. डार्लीन, उरलेले अर्धे बॉनेट तू पूर्ण कर. मशीन लावू नकोस, हाताने कर. आईचा शेवटचा गोल जिथे थांबलाय तिथून सुरू कर. माझ्या हातून तयार झालेला सर्वांत चांगला मॅट रंग त्याने कायमचा जाईल. जाऊ दे. मर्ल कपाळावर हात मारील, मारू दे. मी स्वतः दोनदा डबा उघडला, पण बॉनेटवर हात टेकला की माझाच आवाज ऐकू येतो.

कलम ६. मला व्हर्नाच्या शेजारी पुरावे. दगडावर माझे नाव तिच्या खाली असावे. बॉनेट पूर्ण झाले की गाडी आमच्या कबरींपाशी आणावी. ऊन कबरींच्या मागून यावे अशी उभी करावी, म्हणजे चकाकी तिच्या बाजूला येणार नाही. आणि डार्लीन, आईला सांग, "मॉम, सगळं झालं. कोणी ओरडलं नाही."

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो खरा आहे.

सही: एल्डन रे प्रुइट

साक्षीदार:
१. ओपल टिडवेल, शेजारी. (त्या दिवशी मला ऐकू आले होते.)
२. ग्लेन बोटराइट, न्हावी.

स्थळ: बर्टन, मिशिगन
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३