रुक्मिणीवहिनींचा पेपरातला फोटो

मंगळवार, अंबरनाथ

मोरिवलीच्या कारखान्यातल्या आगीच्या बातम्या पेपरांनी कशा छापल्या, यावर आमच्या सुनंदाला कॉलेजात लिहायचंय. आज तिने एक फोटो दाखवला. बुवापाड्यातल्या रुक्मिणीवहिनी, तोंड उघडं, पुढ्यात भाजलेला नवरा. खाली छापलंय, ‘पत्नीचा टाहो’.

मी तिथंच होतो. टाहो कसला! वहिनी फोटोवाल्यावर ओरडत होत्या, "अरे मेल्या, फोटो नंतर काढ, आधी रिक्षा बघ!"

सुनंदा हसली, मग फोटो जवळ ओढला. त्या उघड्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बाबा, मग रिक्षा मिळाली?"

मिळाली. नवरा वाचला. पण एवढं विचारायला एकही पेपरवाला परत फिरकला नाही. वहिनींनी तो फोटो पाहिला असेल का? उद्या पोरीला त्यांच्याकडेच नेतो. त्यांचं त्यांनाच सांगू दे.