हॉलचा रंग ठरला आहे

अहो,

मी अंबरनाथला सुमनताईकडे जाते आहे, परवा येईन. शेजारच्यांनी विचारलं तर रागावून गेलेली नाही असं सांगा.

हॉल आणि किचनमधली भिंत पाडल्यापासून तुम्ही सोफ्यावर बसून माझ्या फोडणीवर लक्ष ठेवता, पण पंधरा दिवस झाले तरी रंग काही ठरत नाही. भिंतीवर नऊ रंगांचे पट्टे मारून झाले. एक तुम्हाला साबुदाण्यासारखा वाटतो, दुसरा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. काल मी म्हटलं, "हा फिकट बदामी छान आहे." तर तुम्ही म्हणालात, "तुला रंगातलं काय कळतं?"

म्हणून आज तुम्ही फिरायला गेल्यावर मी नवसू पेंटरला फोन करून सगळीकडे बदामीच लावायला सांगितला. तो घाबरून म्हणाला, "काकी, साहेबांना विचारलंत ना?" मी म्हटलं, "हो."

तो अकराला येईल. त्याला चहा द्या, सूचना देऊ नका. आमटी-भात झाकून ठेवला आहे.

रंग आवडला नाही तरी काळजी करू नका, सवय होते. हॉलच्या आधीच्या, तुम्ही निवडलेल्या पोपटी रंगाची मलाही झाली, अठरा वर्षांनी.

पद्मजा